कर्सरचा इंटरफेस रचताना: ओळी संपल्या की मधेच तुटल्या?

डेटाबेसची क्लायंट लायब्ररी लिहायला घेतली की कर्सर, म्हणजे क्वेरीच्या निकालातून ओळी काढून देणारा घटक, हा त्यातला सोपा भाग वाटतो. क्वेरी पाठवायची, आलेल्या ओळी एकेक करून वापरणाऱ्याच्या हातात द्यायच्या. वापरणाऱ्यालाही कर्सर एखाद्या यादीसारखाच दिसतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. यादी आपल्या मेमरीत असते. कर्सरच्या मागे मात्र दुसऱ्या मशीनवर अर्धवट चाललेली क्वेरी असते, उघडं ट्रान्झॅक्शन असतं आणि अडवून ठेवलेलं कनेक्शन असतं.

म्हणून इंटरफेस असा हवा की चार गोष्टी कोड वाचतानाच कळाव्यात: ओळी आत्ता कुणाच्या मेमरीत आहेत, सर्व्हरकडे फेरी कधी होते, कर्सर कधी बंद होतो, आणि ओळी यायच्या थांबल्या त्या संपल्या म्हणून की मधेच काही तुटलं म्हणून. या चौथ्या गोष्टीला सगळ्यात जास्त जपायला हवं. पहिल्या तिन्हींत चूक झाली तर प्रोग्राम हळू चालतो किंवा पडतो. चौथीत चूक झाली तर अहवाल तयार होतो, ईमेलने जातो, आणि त्यात निम्म्याच नोंदी असतात.

मुख्य उदाहरण पोस्टग्रेसचं घेतलं आहे. मायएसक्यूएल, ओरॅकल आणि एसक्यूलाइट जिथे वेगळं वागतात तिथे तसं सांगितलं आहे.

ओळी कुठे राहणार ते आधी ठरवा

निकाल आणण्याच्या पद्धती तीनच. पहिली, पूर्ण बफर: क्वेरी चालवतानाच सगळ्या ओळी क्लायंटच्या मेमरीत येतात. दुसरी, प्रवाह: सर्व्हर ओळी सलग पाठवत राहतो, आपण येतील तशा वाचतो आणि तोवर ते कनेक्शन दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. तिसरी, सर्व्हरवरचा कर्सर: आपण मागू तेवढ्याच ओळी येतात आणि बाकीचं काम सर्व्हरवर थांबून राहतं.

मायएसक्यूएलच्या सी लायब्ररीत पहिल्या दोन पद्धतींना दोन वेगळी फंक्शनं आहेत, स्टोअर रिझल्ट आणि यूज रिझल्ट. हा निर्णय चांगला आहे. पायथॉनच्या सायकोपीजी २ मध्ये मात्र साधा कर्सर पूर्ण बफर करतो आणि कर्सरला नाव दिलं की तोच सर्व्हरवर जातो. एवढा मोठा बदल एका नावावर अवलंबून आहे, हे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. तो साध्या कर्सरवर फेचमेनी (एका वेळी ठरावीक ओळी देणारं फंक्शन) १००० लिहितो आणि मेमरी वाचवली असं समजतो. प्रत्यक्षात क्वेरी चालवणारं एक्झिक्यूट परत येईपर्यंत दहा लाख ओळी मेमरीत येऊन बसलेल्या असतात आणि फेचमेनी नुसते त्यातले तुकडे पाडत असतं.

तुमच्या लायब्ररीत तीन पद्धतींना तीन वेगळी नावं द्या आणि शक्य असेल तिथे तीन वेगळे टाइप परत करा. हो-नाही छापाचा एक पर्याय देऊन त्यावर वागणूक बदलू नका. पूर्ण बफर केलेल्या निकालाला लांबी विचारता येते, मागे जाता येतं, पुन्हा पहिल्यापासून फिरता येतं. प्रवाहाला यातलं काहीच जमत नाही. टाइप वेगळे ठेवले की जे जमत नाही ते कंपायलर किंवा एडिटरच सांगतो.

मुकाट्याने पद्धत बदलणं तर कटाक्षाने टाळा. जावाच्या पोस्टग्रेस ड्रायव्हरमध्ये फेच साइज (एका फेरीत आणायच्या ओळी) १००० दिला पण ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरी आपोआप कमिट होणं) चालू राहिलं, तर तो आकडा काही न सांगता बाजूला पडतो आणि सगळा निकाल मेमरीत येतो. जेडीबीसीच्या, म्हणजे जावाच्या प्रमाण डेटाबेस इंटरफेसच्या, व्याख्येनुसार फेच साइज ही फक्त सूचना आहे, त्यामुळे नियम मोडलेला नाही. पण प्रॉडक्शनवर मेमरी संपल्यावरच कारण सापडतं. पायथॉनच्या असिंकपीजीने योग्य मार्ग घेतला आहे: ट्रान्झॅक्शनबाहेर कर्सर उघडायला गेलात तर लगेच एरर. तुम्हीही तेच करा. मागितलेली पद्धत देता येत नसेल तर क्वेरी पाठवण्याआधीच नकार द्या आणि काय बदलायला हवं ते एररच्या मजकुरातच लिहा.

तारेवर नेमकं काय चालतं

पोस्टग्रेसच्या विस्तारित प्रोटोकॉलमध्ये कर्सरला पोर्टल म्हणतात. पार्स म्हणजे क्वेरी समजून घेणं, बाइंड म्हणजे किमती भरून पोर्टल उघडणं, डिस्क्राइब म्हणजे कॉलम विचारणं, एक्झिक्यूट म्हणजे ओळी मागणं आणि सिंक म्हणजे फेरी संपवणं. कर्सर उघडून पहिली बॅच घ्यायची तर संवाद असा होतो:

क्लायंट: पार्स, बाइंड (पोर्टलचं नाव क७), डिस्क्राइब, एक्झिक्यूट (कमाल १०००), सिंक
सर्व्हर: पार्स झालं, बाइंड झालं, कॉलमचं वर्णन, ओळ × १०००, पोर्टल थांबलं, तयार
क्लायंट: एक्झिक्यूट (क७, कमाल १०००), सिंक
सर्व्हर: ओळ × ३४०, कमांड पूर्ण, तयार

इथे ‘पोर्टल थांबलं’ आणि ‘कमांड पूर्ण’ हे दोन वेगळे संदेश आहेत. निकाल संपला आहे की नाही ते फक्त या संदेशावरून ठरवा, आलेल्या ओळी मोजून नाही. निकालात बरोबर २००० ओळी असतील आणि बॅच १००० ची असेल, तर दुसऱ्या बॅचनंतरही सर्व्हर ‘पोर्टल थांबलं’ असंच सांगतो, कारण पुढची ओळ मागेपर्यंत ओळी संपल्याचं त्यालाही माहीत नसतं. तिसऱ्या एक्झिक्यूटला शून्य ओळी आणि ‘कमांड पूर्ण’ येतं. ही रिकामी फेरी वाचवायला जाऊ नका.

सिंकमागेही एक सापळा आहे. उघडपणे बिगिन केलेलं नसेल तर सिंक येताच पोस्टग्रेस आतलं ट्रान्झॅक्शन पूर्ण करतो आणि पोर्टल नाहीसं होतं. पुढच्या एक्झिक्यूटला ३४००० क्रमांकाची एरर येते, ‘असं पोर्टल नाही’. वापरणाऱ्याला पोर्टल हा शब्दच माहीत नसतो. म्हणून ही एरर तशीच वर न सोडता ‘ट्रान्झॅक्शन संपल्यामुळे कर्सर बंद झाला’ अशा शब्दांत द्या आणि मूळ एरर तिला जोडून ठेवा.

एरर आल्यानंतर सर्व्हर पुढचा सिंक येईपर्यंत बाकीचे सगळे संदेश टाकून देतो. त्यामुळे तुमच्या लायब्ररीने सिंकऐवजी फ्लश (साठलेली उत्तरं लगेच पाठवायला सांगणारा संदेश) पाठवला आणि ‘तयार’ची वाट पाहत बसली, तर ती कायमची अडकते. ‘तयार’ हे सिंकचं उत्तर आहे, फ्लशचं नाही.

बॅच किती मोठी

हिशेब कागदावर मांडला की निर्णय सोपा होतो. दहा लाख ओळी आणायच्या आहेत. एकाच डेटा सेंटरमध्ये फेरीला अर्धा मिलिसेकंद लागतो असं धरू. एकेक ओळ मागितली तर नुसत्या फेऱ्यांत ५०० सेकंद जातात. १०० च्या बॅचला ५ सेकंद, २००० च्या बॅचला पाव सेकंद. आता सर्व्हर दुसऱ्या शहरात आहे आणि फेरीला ३० मिलिसेकंद लागतात असं धरा: एकेक ओळीला ३०,००० सेकंद, म्हणजे आठ तास वीस मिनिटं, १०० ला पाच मिनिटं, २००० ला १५ सेकंद. पाव सेकंद आणि १५ सेकंद यांतला फरक बहुतेकांना चालतो. आठ तास कुणालाच चालत नाहीत.

तरीही एकची बॅच नकळत पदरात पडते. पायथॉनच्या डेटाबेस लायब्ऱ्यांसाठीच्या प्रमाण इंटरफेसमध्ये, म्हणजे डीबी-एपीआय २.० किंवा पीईपी २४९ मध्ये, अॅरेसाइझची (फेचमेनीने एका वेळी किती ओळी आणायच्या त्या आकड्याची) सुरुवातीची किंमत १ आहे. सायकोपीजी २ च्या नावाच्या कर्सरवर फॉर लूप फिरवला तर तो एका फेरीत २००० ओळी आणतो. त्याच कर्सरवर एकेक ओळ देणारं फेचवन वापरलं तर प्रत्येक ओळीला एक फेरी. कर्सर तोच, फक्त वाचण्याची रीत वेगळी, आणि फेऱ्यांत दोन हजारपट फरक. तुमच्या लायब्ररीत फेचवन, फेचमेनी आणि लूप या तिन्हींच्या खाली एकच बफर ठेवा. वापरणाऱ्याने किती ओळी मागितल्या हा एक आकडा, सर्व्हरकडून एका फेरीत किती आणायच्या हा दुसरा. या दोन आकड्यांची सांगड घालू नका.

दुसऱ्या आकड्याची सुरुवातीची किंमत किती ठेवायची यावर लायब्ऱ्यांचं एकमत नाही. पायथॉनची ओरॅकल लायब्ररी १०० ठेवते, ओरॅकलचाच जेडीबीसी ड्रायव्हर १०, असिंकपीजी ५०, सायकोपीजी ३ शंभर. आमच्या मते ओळींचा एक ठरावीक आकडा पुरेसा नाही, कारण पोस्टग्रेसच्या एक्झिक्यूटला ओळींची मर्यादा देता येते, बाइट्सची नाही. प्रत्येक ओळीत एक मेगाबाइटची पीडीएफ असेल तर १००० ची बॅच म्हणजे एक गिगाबाइट. त्यापेक्षा पहिली बॅच १०० ओळींची घ्या, त्यातली सगळ्यात मोठी ओळ किती बाइट्सची आहे ते मोजा, आणि पुढची बॅच सुमारे दोन मेगाबाइटमध्ये बसेल अशी ठरवा. एका वेळी दुपटीपेक्षा जास्त वाढवू नका. कमी करायची असेल तर लगेच करा. मोंगोडीबीही साधारण असंच वागतो: पहिल्या बॅचला १०१ डॉक्युमेंट, पुढच्या बॅचना १६ मेगाबाइटची मर्यादा.

एक बॅच वापरली जात असताना पुढची आधीच मागवून ठेवणं हा चांगला पर्याय आहे, पण तो आपोआप चालू ठेवू नका. मेमरी दुप्पट लागते, आणि फॉर अपडेटची, म्हणजे वाचलेल्या ओळींना कुलूप लावणारी, क्वेरी असेल तर वापरणारा अजून पोहोचलाही नाही अशा ओळींवर कुलूप लागतं.

संपलं आणि तुटलं, दोन्ही वेगळं दिसायला हवं

प्रयोगासाठी पोस्टग्रेसचं जनरेट सिरीज वापरून १ ते १०,००० आकडे काढा आणि प्रत्येक ओळीत १०० ला (आकडा वजा ५०००) ने भागा. ४,९९९ ओळी व्यवस्थित येतात आणि पाच हजाराव्या ओळीला शून्याने भागल्याची २२०१२ क्रमांकाची एरर येते. पूर्ण बफर करणाऱ्या लायब्ररीत ही एरर एक्झिक्यूटलाच दिसते आणि एकही ओळ हाती लागत नाही. प्रवाहात आणि सर्व्हर कर्सरमध्ये मात्र तोपर्यंत हजारो ओळी वापरूनही झालेल्या असतात, कदाचित फाइलमध्येही गेलेल्या असतात. ‘एक्झिक्यूट यशस्वी म्हणजे क्वेरी यशस्वी’ हा समज इथे मोडतो, आणि हे दस्तऐवजात पहिल्याच पानावर लिहायला हवं.

ही एरर कुठून बाहेर काढायची? गो भाषेच्या प्रमाण डेटाबेस पॅकेजमध्ये रोज (Rows) या टाइपचं नेक्स्ट फंक्शन ओळी संपल्या तरी फॉल्स देतं आणि एरर आली तरी फॉल्स देतं. खरं काय झालं ते लूपनंतर एरर विचारल्यावर कळतं. कोडची ही शेवटची ओळ लिहायची विसरली तरी कोड कंपाइल होतो, चाचण्या पास होतात, आणि ज्या दिवशी कनेक्शन अर्ध्यावर तुटतं त्या दिवशी ४,९९९ ओळींचा अहवाल ‘पूर्ण’ म्हणून जातो. विसरलेली एक ओळ गप्प राहू शकेल अशी रचना करू नका. भाषेत एक्सेप्शन असतील तर पुढची ओळ मागतानाच एक्सेप्शन टाका. नसतील तर प्रत्येक ओळीसोबत निकाल किंवा एरर असा जोड टाइप द्या, म्हणजे एररकडे कानाडोळा करायचा असेल तर तो मुद्दाम लिहून करावा लागेल.

पाचव्या बॅचमध्ये ९९९ ओळी आल्या आणि मग एरर आली, तर त्या ९९९ ओळी द्यायच्या की टाकायच्या? द्या, क्रमाने द्या, आणि पाच हजारावी ओळ मागितल्यावर एरर टाका. ओळी टाकून दिल्या तर १००० च्या बॅचला ४००० ओळी दिसतात, १०० च्या बॅचला ४९००, आणि बॅचचा आकडा बदलला की प्रोग्रामची वागणूक बदलते. मग वेग वाढवायला फिरवलेल्या एका आकड्याने बगच हलतो आणि तो शोधणं जिकिरीचं होतं.

सॉकेट वाचताना शून्य बाइट्स आले तर? फाइल वाचायची सवय असलेला हात तिथे ‘संपलं’ लिहून मोकळा होतो. कर्सरमध्ये ‘कमांड पूर्ण’ न येता सॉकेट बंद झालं तर ती नेहमीच एरर असते, त्याआधी कितीही ओळी आलेल्या असोत.

शेवटाची खूणही जपून निवडा. पीईपी २४९ मध्ये ओळी संपल्या की फेचवन नन, म्हणजे ‘काहीच नाही’, देतं. ओळ ही ट्यूपल, म्हणजे किमतींचा संच, असते तोवर ठीक, कारण एकच कॉलम नल असला तरी ट्यूपल रिकामी नसते. पण सोयीसाठी ‘एकाच कॉलमची नुसती किंमत द्या’ अशी सुविधा जोडली की नल किंमत आणि निकालाचा शेवट एकसारखेच दिसू लागतात. अशा सुविधेला वेगळी खूण ठेवा किंवा शेवटी एक्सेप्शन टाका.

बंद करणं

उघडा राहिलेला कर्सर म्हणजे सर्व्हरवरचं भिजत घोंगडं. ओरॅकलमध्ये एका सेशनच्या उघड्या कर्सरांची मर्यादा ओपन कर्सर्स या पॅरामीटरने ठरते. ती मुळात ५० असते, आणि ओलांडली की ओआरए-०१००० ही एरर येते. एसक्यूलाइटमध्ये स्टेटमेंट रीसेट किंवा फायनलाइझ झालं नाही तर वाचनाचं ट्रान्झॅक्शन उघडं राहतं, वॅल मोडमध्ये (बदल आधी वेगळ्या वॅल फाइलमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत) चेकपॉइंट, म्हणजे ते बदल मूळ फाइलमध्ये नेणं, पूर्ण होत नाही आणि वॅल फाइल वाढत जाते. पोस्टग्रेसमध्ये जुना स्नॅपशॉट (डेटाचं त्या क्षणाचं चित्र) अडून बसतो आणि व्हॅक्यूम या सफाईच्या प्रक्रियेला मेलेल्या ओळी काढता येत नाहीत.

क्लोज दोनदा बोलावलं तरी चाललं पाहिजे. पोस्टग्रेसच्या प्रोटोकॉलमध्ये नसलेलं पोर्टल बंद करायला सांगितलं तरी एरर येत नाही, त्यामुळे हे फुकटात मिळतं. मात्र त्यासाठी प्रोटोकॉलचा क्लोज संदेश वापरा, एसक्यूएलची क्लोज कमांड नको. ट्रान्झॅक्शन आधीच फसलेलं असेल तर एसक्यूएलच्या क्लोजला २५पी०२ येतं, ‘चालू ट्रान्झॅक्शन रद्द झालं आहे’. ब्लॉकमधून बाहेर पडताना तुमच्या लायब्ररीने तेच पुढे केलं, तर शून्याने भागल्याची मूळ एरर झाकली जाते आणि वापरणारा भलतीकडेच शोधत बसतो. बंद करताना आलेली एरर आधीच्या एररला कधीही झाकू देऊ नका.

अर्ध्यावर सोडलेला प्रवाह बंद करणं अवघड. सर्व्हर अजून ओळी ढकलतोय. त्या वाचून टाकल्याशिवाय कनेक्शन पुढच्या क्वेरीला मोकळं होत नाही. पायमायएसक्यूएलचा बफर न करणारा कर्सर बंद करताना उरलेल्या सगळ्या ओळी वाचून टाकतो. दहा ओळी पाहून लूपमधून बाहेर पडलात आणि मागे एक कोटी शिल्लक असतील, तर क्लोज कितीतरी वेळ परतच येत नाही. आमची शिफारस अशी: आधी एक सेकंदभर उरलेल्या ओळी वाचून टाका, तेवढ्यात संपलं नाही तर क्वेरी रद्द करा. पोस्टग्रेसमध्ये रद्द करण्याची विनंती वेगळं कनेक्शन उघडून, प्रोसेसचा क्रमांक आणि गुप्त किल्ली देऊन पाठवावी लागते. ती पोहोचेपर्यंत क्वेरी आपली आपण संपलेलीही असू शकते. म्हणून रद्दचं कनेक्शन सर्व्हरने बंद करेपर्यंत थांबा, मग मूळ कनेक्शनवर ‘तयार’ येईपर्यंत वाचा, आणि ५७०१४ (क्वेरी रद्द झाल्याची एरर) आली किंवा ‘कमांड पूर्ण’ आलं, दोन्ही यश माना. न थांबता पुढची क्वेरी पाठवली, तर उशिरा पोहोचलेली विनंती तिलाच रद्द करते.

कचरा गोळा करणाऱ्यावर, म्हणजे फायनलायझरवर, बंद करण्याचं काम पूर्णपणे सोपवू नका, आणि फायनलायझरमधून नेटवर्कवर काही पाठवू तर नकाच. तो कुठल्या थ्रेडवर आणि कधी चालेल याचा भरवसा नसतो. त्याच क्षणी त्या कनेक्शनवर दुसऱ्या क्वेरीचा संवाद अर्धा झालेला असू शकतो. फायनलायझरने फक्त पोर्टलचं नाव कनेक्शनच्या ‘बंद करायचे’ यादीत टाकावं आणि पुढच्या क्वेरीच्या आधी कनेक्शनने ती यादी निकाली काढावी. जावाचा पोस्टग्रेस ड्रायव्हर हेच करतो. सोबत एक इशाराही छापा: कर्सर कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीवर उघडला होता आणि बंद झाला नाही.

कनेक्शन पूलमध्ये, म्हणजे पुन्हा वापरायच्या कनेक्शनांच्या साठ्यात, परत येताना ‘तयार’ संदेशातलं स्थितीचं अक्षर तपासा. आय म्हणजे मोकळं, टी म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं, ई म्हणजे फसलेलं. टी किंवा ई असेल तर रोलबॅक करा. असिंक्रोनस लायब्ररीत एखादं टास्क ओळ वाचता वाचता रद्द झालं, तर संवाद कुठे थांबला हे निश्चित माहीत असेल तरच कनेक्शन वाचवा. नसेल तर ते सरळ तोडा.

ट्रान्झॅक्शन आणि वेळ

वापरणाऱ्यांना सगळ्यात जास्त हवं असतं ते हे: कर्सरने वाचायचं, ओळी बदलायच्या आणि दर हजार ओळींनी कमिट करायचं. साध्या कर्सरने हे होत नाही, कारण कमिटला कर्सर मरतो. कर्सर उघडताना विथ होल्ड हा पर्याय दिला तर जगतो, पण त्यासाठी कमिटच्या वेळी पोस्टग्रेस उरलेला सगळा निकाल काढून सर्व्हरवर साठवतो, आणि तो बंद करेपर्यंत किंवा सेशन संपेपर्यंत तिथेच राहतो. मधे पीजीबाउन्सर हा कनेक्शन वाटून देणारा प्रोग्राम ट्रान्झॅक्शन पूलिंगवर (दर ट्रान्झॅक्शनला कनेक्शन बदलू शकेल अशा पद्धतीवर) असेल तर विथ होल्ड चालत नाही. त्याऐवजी शेवटच्या वाचलेल्या किल्लीच्या पुढच्या १००० ओळी दर वेळी नव्या क्वेरीने मागवा, किंवा वाचायला एक आणि लिहायला दुसरं अशी दोन कनेक्शनं घ्या. लायब्ररीने यातलं काही गुपचूप करू नये. कमिटनंतर फेच आला तर स्पष्ट एरर द्यावी आणि दस्तऐवजात हे मार्ग दाखवावेत.

दोन बॅचच्या मधे, वापरणारा ओळींवर काम करत असताना, सर्व्हरच्या दृष्टीने ते सेशन ‘ट्रान्झॅक्शनमध्ये रिकामं बसलेलं’ असतं. आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट पाच मिनिटं लावलेला असेल आणि एका बॅचवर सहा मिनिटं गेली, तर पोस्टग्रेस २५पी०३ देऊन कनेक्शनच बंद करतो. मायएसक्यूएलच्या प्रवाहात असाच फटका नेट राइट टाइमआउटकडून बसतो. तो मुळात ६० सेकंदांचा असतो, आणि क्लायंटने तेवढा वेळ वाचलं नाही तर सर्व्हर हात सोडतो. उलट स्टेटमेंट टाइमआउट दर बॅचला नव्याने मोजला जातो, त्यामुळे कर्सरला एकूण मर्यादा लागतच नाही. तुमच्या लायब्ररीत टाइमआउट दिलात तर तो एका फेरीचा की संपूर्ण कर्सरचा हे नावातच सांगा.

आणखी एक गोष्ट वापरणाऱ्याला बुचकळ्यात टाकते. एसक्यूएलच्या डिक्लेअर कर्सर कमांडने उघडलेल्या क्वेरीचा प्लॅन, म्हणजे ती चालवण्याची सर्व्हरने ठरवलेली रीत, वेगळा निघू शकतो. कर्सर टपल फ्रॅक्शन हे सेटिंग मुळात ०.१ असल्याने प्लॅनर पहिले दहा टक्के लवकर देण्याच्या हिशेबाने चालतो, आणि अशा कर्सरला पॅरलल (काम अनेक प्रोसेसमध्ये वाटणारा) प्लॅन मिळत नाही. सगळ्या ओळी वाचायच्याच असतील तर त्या सेशनपुरतं हे मूल्य १ करण्याची सोय ठेवा.

उरलेल्या गोष्टी

ओळींची संख्या माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असंच सांगा. पीईपी २४९ त्यासाठी उणे १ वापरतं, आणि तो आकडा स्क्रीनवर ‘एकूण -१ नोंदी’ म्हणून उमटतो. नवी लायब्ररी असेल तर पर्यायी टाइप द्या.

कॉलमची नावं आणि टाइप पहिल्या ओळीच्या आधी मिळायला हवेत. निकाल रिकामा असला तरी सीएसव्हीला शीर्षकं लागतातच. त्यासाठी डिस्क्राइब पहिल्या फेरीतच पाठवा.

वेगासाठी ओळीचा बफर पुन्हा वापरत असाल तर तसं ठळक लिहा. एसक्यूलाइटमध्ये मजकुराचा पॉइंटर पुढच्या स्टेपपर्यंतच खरा असतो. तो तसाच यादीत साठवला तर कचरा हाती येतो. तुम्ही एकच ओळ-ऑब्जेक्ट फिरवत असाल, तर यादीत शेवटचीच ओळ हजार वेळा दिसते. आपोआप मिळणारी रीत प्रत काढण्याचीच ठेवा.

प्रवाह उघडा असताना त्याच कनेक्शनवर दुसरी क्वेरी आली तर मायएसक्यूएलमध्ये २०१४ क्रमांकाची एरर येते, ‘कमांड क्रमाबाहेर’. तुमच्या एररमध्ये कोणता कर्सर अडवून बसला आहे तेही सांगा. कर्सर दोन थ्रेडमध्ये वाटायचा नाही, एवढं सांगितलं की थ्रेडचं काम झालं.

तपासणी

शून्य ओळी, एक ओळ, बॅचपेक्षा एक कमी, बरोबर बॅचएवढ्या, एक जास्त: या पाच चाचण्या तिन्ही पद्धतींवर चालवा. शून्याने भागणारी क्वेरी १, १०० आणि १००० च्या बॅचने चालवा. तिन्ही वेळा बरोबर ४,९९९ ओळी आणि मग एरर यायला हवी. दुसऱ्या कनेक्शनवरून पीजी टर्मिनेट बॅकएंड चालवून अर्ध्यावर कनेक्शन मारा आणि ५७पी०१ ही एरर वापरणाऱ्यापर्यंत येते का पाहा. मग मधे एक छोटा प्रॉक्सी ठेवून सॉकेट काहीही न बोलता तोडा. लूप शांतपणे संपला तर चाचणी नापास. दहा ओळींनंतर कर्सर बंद करून लगेच त्याच कनेक्शनवर साधी क्वेरी चालवा, हे हजार वेळा करा, आणि शेवटी त्याच सेशनमध्ये पीजी कर्सर्स हा व्ह्यू विचारा: बंद केलेल्या कर्सरपैकी एकही तिथे उरलेला नसावा. लिनक्सवर टीसी ही कमांड वापरून नेटवर्कला ३० मिलिसेकंदांचा उशीर लावा आणि दहा लाख ओळी आधी फेचवनने, मग लूपने वाचा. दोन्हींच्या वेळेत लक्षणीय फरक दिसला, तर बफर कुठेतरी वेगळे झाले आहेत.